माधवरावांच्या छतावरची गुढी

—नाही नाही, त्या बटणाला आत्ता हात नका लावू, अभिरामजी. बसा आधी. ती पाण्याच्या टंकीजवळची खुर्ची घ्या, तिचा एक पाय आखूड आहे, पण तुमचं वजन फार दिसत नाही. ड्रोन कुठे पळून जातोय का — म्हणजे जातो, तोच तर मुद्दा आहे, पण नुसता टेबलावर ठेवलेला जात नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, एकदा उडवून पाहतो आणि घेऊन जातो. सगळे असंच म्हणतात. सगळे म्हणजे तुम्हीच, दुसऱ्या कुणाचा फोन आलेला नाही, ते असो. पण उडवून पाहायला हवा तशी हवी, आणि आत्ता वारा आहे. नाही वाटत ना? तुळशीचं पान हलत नाही म्हणता — तुळस कुठे आहे? कठड्याच्या आत. आपण कुठे बसलोय? कठड्याच्या आत. आणि ड्रोन जाणार कुठे? वर. खाली माणूस म्हणतो, वा, काय शांत सकाळ आहे, आणि तिकडे दोन मजले वर वाऱ्याने नुसता गोंधळ घातलेला असतो. हे मी पुस्तकातून नाही सांगत, स्वतः शिकलोय. वीजखात्यात होतो मी, मीटर तपासायचो. जन्मभर लोकांच्या मीटरवर अविश्वास दाखवल्यावर माणूस स्वतःच्या डोळ्यांवर तरी कशाला विश्वास ठेवेल? रिटायर झालो तेव्हा अवंतिकेने, आमच्या मुलीने, बेंगळुरूहून हा पाठवला. म्हणाली, बाबा, घरात बसून आईच्या कुकरच्या शिट्ट्या मोजू नका, छतावर जा. छत म्हटलं की तुम्ही सांगलीकडचे लोक हसता, मला माहीत आहे. तुमची गच्ची, आमचं छत. ग्वाल्हेरला, आमच्या या लष्कर भागात आलात बँकेच्या बदलीवर, तर तुमचंही छत होईल हळूहळू.

हां, तर वारा. शालिनी — अहो शालिनी, दोन चहा, पाहुणे आलेत — ऐकलं नसेल. ऐकलं असेल, पण हल्ली उत्तर येत नाही, चहा मात्र येतो. तर पहिला नियम, जो कुणी पाळत नाही: आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं. जाताना कष्ट, येताना आराम. नवखा माणूस उलटं करतो. वारा पाठीशी घेतो, ड्रोन भन्नाट सुटतो, तो म्हणतो, काय मस्त मशीन आहे — आणि परत फिरवला की मशीन जागच्या जागी उभं. पंखे फिरतायत, बॅटरी उतरतेय, आणि ड्रोन एक वीत पुढे सरकत नाही. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीसारखं. आवाज भरपूर. दुसरा नियम, अर्धी बॅटरी संपायच्या आत परतीला लागायचं, वारा असेल तर त्याच्याही आधी. तिसरा, येताना वारा जास्त लागला तर उंची कमी करायची, खाली वारा कमी असतो. ते ‘घरी परत’ नावाचं बटण आहे ना, त्याच्यावर विसंबायचं नाही, ते आधी ड्रोनला वर नेतं, म्हणजे जिथे वारा जास्त तिथे. लोखंडी टंकीजवळून उडवायचा नाही, होकायंत्र बिथरतं. माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. नजरेच्या बाहेर न्यायचा नाही. आणि फोन, जो या रिमोटला लावतो तो, फ्लाइट मोडवर ठेवायचा, नाहीतर नेमका वरून उतरवताना कुणाचा तरी गुड मॉर्निंग येतो आणि आपण गेलो. हा फ्लाइट मोडचा नियम मी कधीच मोडलेला नाही. एकदाही नाही. मोडला असता तर — असो.

विकतो कशाला मग? बरोबर विचारलंत. नवीन मॉडेल येतंय म्हणतात. त्यात वाऱ्याची सूचना आधीच मिळते. म्हणून. हा जुना झाला. जुना म्हणजे तसा नवाच आहे, एक पंखा बदललाय फक्त, पडल्यामुळे. पडल्यामुळे म्हणजे पडला एकदाच, आणि तोही मऊ जागी, कोपऱ्यावरच्या जिलेबीवाल्याच्या ताडपत्रीवर. कुणाला खरचटलं नाही. त्या भल्या माणसाने वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिला, अजून त्याला जरा पाकाचा वास येतो, पाहा. तुमच्या कानावर आलंच असेल. नाही? मग कुणीतरी मीठमसाला लावून सांगायच्या आत मीच सांगतो.

पाडव्याचा दिवस. आमचे माधवराव, मंडळाचे अध्यक्ष — पाहिलंत ना तुम्ही त्यांना? हो, पाहिलंच असणार, त्यांना न पाहता आपल्या या दौलतगंजातून जाता येत नाही — तर त्यांच्या मनात आलं की यंदा लष्करातल्या मराठी घरांच्या गुढ्या आकाशातून दाखवायच्या. संध्याकाळी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर. म्हणजे हिंदीवाल्या पाहुण्यांना कळेल आपण किती आहोत. आता आपण किती आहोत हे कळू नये म्हणूनच आजवर आपण सगळे एका वेळी एका जागी जमत नाही, पण अध्यक्षांना कोण सांगणार? मोठं घराणं, पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून घोड्यावर आले. इथे सगळ्यांचेच पूर्वज घोड्यावर आले, पायी कुणी आलेलंच नाही. एवढे घोडे वाटेतल्या नद्या उतरून आले कसे, हा मला लहानपणापासून प्रश्न आहे. तर ते म्हणाले, लक्ष्मीकांत, ये काम आपका. मी म्हटलं करतो, पण पहाटे, वारा पडलेला असताना. चैत्रात ग्वाल्हेरची हवा सकाळी शहाण्यासारखी असते आणि ऊन चढलं की पश्चिमेकडून सुटते, हे तुम्हाला यंदा कळेलच. इथे वायुदलाचा तळ आहे, कुठेही उठून उडवता येत नाही, त्यामुळे मंडळाने रीतसर परवानगी काढली. मी सगळी तयारी केली. मंडळाच्या छतावर वाऱ्याचा अंदाज घ्यायला एक उंच काठी उभी केली, तिला रिबिनी बांधल्या, खाली एक, मध्ये एक, वर एक, म्हणजे कुठल्या उंचीला किती वारा ते समजतं. छान वेळूची काठी, सरळ, हलकी. कुठून आणली? आणली घरून.

आणि मी रिबिनी पाहत बसलोय. पहाट गेली, ऊन आलं, माधवराव नाहीत. का, तर फेटा बांधणारा आला नव्हता. त्यांना चित्रफितीच्या सुरुवातीला फेट्यात दिसायचं होतं, वर पाहून नमस्कार करताना. आले तेव्हा वरची रिबीन पार आडवी झालेली. मी म्हटलं, माधवराव, आता नको, नियमात बसत नाही. तिथे सगळे उभे होते, सुधाताई, मंडळाच्या बाकीच्या बायका, तुतारीवाले. माधवरावांनी फेटा सांभाळला आणि म्हणाले, ‘‘रहने दीजिए लक्ष्मीकांतजी, आपसे नहीं होगा. मैं वो शादीवाला लड़का बुलवा लेता हूँ.’’ तुम्हीच सांगा. शादीवाला लडका. जो नवरीच्या डोक्यावरून गुलाबाच्या पाकळ्या टाकतो आणि अर्ध्या कढईत पाडतो. त्याच्याशी माझी तुलना. मी उडवला.

आता लक्ष द्या, कारण इथे शास्त्र आहे. वारा वाढलाय, मान्य. मग मी काय केलं? घाई नाही केली. मला एकदम सुचलं की गुढी म्हणजे वाऱ्याचं आयतं यंत्र. उंच काठी, वर रेशमी वस्त्र, अगदी छताच्या उंचीवर. इतकी वर्षं आपण तिला साखरेची माळ घालतोय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. सुधाताईंच्या गुढीचा हिरवा खण पूर्वेकडे ताठ उभा, म्हणजे तिथे जायचं नाही. पलीकडच्या गुढीचा पदर नुसता फडफडतोय, म्हणजे झोत येऊन जाऊन आहेत, लांबून घ्यायचं. असं वाचत वाचत मी छान चित्र घेतलं. तसं घेण्यासारखं फार नव्हतं. वरून पाहिलं की लष्कर म्हणजे टंक्या, डिश आणि एसीच्या पेट्या, मधूनच कुठे एक गुढी. हल्ली लोक बाजारातली वीतभर गुढी आणून फ्रिजवर ठेवतात, ती आकाशातून कशी दिसणार? मी जिथे दिसली तिथे तिला तीन बाजूंनी घेतलं, म्हणजे एकीच्या तीन वाटतात. यात खोटं काय? गुढी खरीच आहे.

मग माधवराव म्हणाले, अब मेरे यहाँ की लो, पास से. त्यांचं घर पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने. नियम काय सांगतो? नको. पण मी पडद्यावर पाहिलं — ऊन इतकं की फोनचा पडदा म्हणजे काळी काच, त्यात अंधुक दिसतंय — त्यांच्या छताच्या कोपऱ्यात उभा खांब, त्याच्यावर काहीतरी गोल चमकतंय, तांब्या, आणि खाली भगवं वस्त्र. आणि ते वस्त्र, अभिरामजी, बिलकुल हलत नव्हतं. सरळ खाली लोंबत होतं. सुधाताईंचा खण ताठ आणि हे शांत. म्हणजे काय? म्हणजे मधल्या नव्या उंच इमारतीने वारा अडवलाय आणि तिच्या मागे शांत जागा आहे. हेच अनुमान कुणीही शहाणा माणूस काढेल. मी वारा पाठीशी घेतला आणि सोडला ड्रोन.

शांत जागा कुठली? जवळ गेलो तर वाऱ्याने असा धक्का दिला की माझाच हात हलला. आणि तरी ते वस्त्र हलत नाही. आणखी जवळ नेला. मग दिसलं. सांगू का? नको. कुणाला सांगितलेलं नाही. बरं, तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला यात घेणंदेणं नाही, आणि सांगितल्याशिवाय तुम्हाला तो वाऱ्याचा मुद्दा कळणार नाही. ती गुढी नव्हती. ती रजई होती. धुतलेली, ओलीचिंब, डिशच्या खांबावर वाळत घातलेली, आणि तो तांब्या म्हणजे डिशची तबकडी. ओल्या रजईला आंधीसुद्धा हलवत नाही, तर हा वारा काय हलवणार? आणि पूर्ण छतावर दुसरं काही नाही. गुढी नाही. मंडळाचे अध्यक्ष, जे दर वर्षी माईकवरून सांगतात की परदेशातली मुलंसुद्धा गुढी उभारतात आणि आपल्याला लाज वाटायला हवी, त्यांच्या छतावर पाडव्याच्या दिवशी रजई. आणि माणूस माझ्या शेजारी उभा राहून इतक्या शांतपणे म्हणतोय, मेरे यहाँ की लो. याला म्हणतात अध्यक्ष. मी तर थक्क झालो.

त्यांना दिसलं नाही. फेट्याबरोबर चष्मा बरा दिसत नाही म्हणून काढला होता. वाकून म्हणाले, दिखी? मी म्हटलं, दिखी, आणि फोन स्वतःच्या छातीशी धरला. त्यांची अब्रू वाचवायला. आता छातीशी धरलेला फोन दिसतो का? नाही. जेव्हा पुन्हा पाहिला तेव्हा बॅटरी परतीची वेळ ओलांडून गेली होती आणि ड्रोन वाऱ्याच्या तोंडावर जागच्या जागी उभा. उंची कमी करावी तर खाली विजेच्या तारा, त्या तर मला पाठ आहेत. मग सरकत सरकत, हळूहळू, जिलेबीवाला. बाकी तुम्हाला सांगितलं. माधवराव सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘‘मैंने तो पहले ही कहा था.’’ आणि मी काय बोललो? रजईचं काहीही नाही. एक शब्द बोललो असतो तर त्यांचं अध्यक्षपद त्या रजईसारखं लोंबलं असतं. मी म्हटलं, चूक माझी, अंदाज चुकला. संध्याकाळसाठी फीत तयार करताना शेवटचा तुकडा कापून टाकला. एवढं मोठं मन मंडळात दुसऱ्या कुणाचं असेल तर मला दाखवा.

संध्याकाळी? छान झाली संध्याकाळ. हॉल भरला होता, निम्म्या खुर्च्या मंडपवाल्याने परत नेल्यामुळे भरलेला वाटला. शालिनी पहिल्या रांगेत, माझी फीत म्हणून. टाळ्या पडल्या. माधवरावांचा नमस्कार दोनदा दाखवला. मग गुढ्या. मग — आता पाहा, मी फीत तपासली होती. एकेक गुढी तपासली होती. जिथे गुढी आहे तिथे नीट दिसतेय ना, एवढंच पाहणार ना माणूस? जिथे नाही ते कशाला पाहील? तर मध्येच सुधाताई म्हणाल्या, हे निळ्या टंकीचं घर कुणाचं हो, भर दौलतगंजात, मराठीच दिसतंय, दारात रांगोळी आहे आणि वर काहीच नाही. कुणीतरी म्हणालं, गेले असतील पुण्याला. सगळे हसले. मीही हसलो. निळी टंकी तुमच्या मागेच आहे. हो, हीच. जपून, तिला टेकू नका, ओल येते.

शालिनी हसली नाही. घरी आलो. साडी बदलून आली आणि इथे, दारात उभी राहून म्हणाली, ‘‘सकाळपासून मी तांब्या आणि खण घेऊन बसले होते. काठी कुठे होती?’’ काठी कुठे होती म्हणजे — मंडळाच्या छतावर होती, रिबिनी बांधलेली. मी सूर्य वर यायच्या आत परत आणणारच होतो. माधवरावांचा फेटा उशिरा आला, त्याला मी काय करणार? तिने फोनही केले म्हणे. फोन फ्लाइट मोडवर होता. तो नियम आहे. वाऱ्यात तर पाळायलाच हवा. हे मी तिला समजावून सांगितलं, रिबिनींचा उपयोगही सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे विकून टाका. तेव्हापासून चहा येतो, उत्तर येत नाही. तो काढलेला खण अजून तसाच टेबलावर आहे, घडी करून, रोज झाडताना उचलते आणि परत ठेवते.

पण खरं सांगू? विकायची वेळ येणार नाही. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ, चहा घेऊनच जा. माझ्याकडे उपाय आहे. मी तिला रजईचं सांगणार आहे. चांगला दिवस पाहून, तिचं डोकं शांत असताना. तिला टोचतंय काय? की सगळ्या दौलतगंजात आपलंच एक घर राहिलं. बायकांचं ते असतं — बायकांचं कशाला, मलाही टोचतं. पण अध्यक्षांच्या घरीच नव्हती म्हटल्यावर टोचण्यासारखं काय उरलं? म्हणजे आपण एकटे नाही. उलट आपली काठी निदान मंडळाच्या कामी होती, त्यांची कुठे होती? कुणी पाहिली? एवढं कळलं की ती हसेल. ती हसली की ड्रोन राहिला. म्हणून मी तो तुकडा कापला पण पुसला नाही. वापरायचा नाही, फक्त तिला दाखवायचा. तिने मंडळात कुणाला सांगितलं तर तो तिचा प्रश्न.

चला, तुम्हाला उगाच खेप पडली. जवळच राहता ना पण? कुठे म्हणालात — फोनवर तुम्ही सांगत होतात तेव्हा मी वाऱ्याचं बोलत होतो. जैन मंदिराच्या गल्लीत. बरं. कुणाच्या घरात?

माधवरावांच्या.

वरची खोली. म्हणजे छतावरची. बरं, बरं. ती भाड्याने दिली त्यांनी, मला ठाऊकच नव्हतं. मग ती रजई — तुमची. आईने दिलेली. थंडी संपली म्हणून धुतलीत. भगवी नाही, नारिंगी, हो, पडद्यावर तसं कळत नाही. नाही, माफी कसली मागता, खांब तुमच्या दारात आहे, तुम्ही कुठे वाळत घालणार? आणि — एक सांगा. गुढी? त्यांच्याकडे गुढी...

खालच्या गॅलरीत.

हो, काकूंचे गुडघे. छताचा जिना कसा चढतील? पत्र्याखाली, बरोबर. गॅलरीला पत्रा आहेच त्यांच्या, पावसाळ्यात मीच म्हटलं होतं घाला म्हणून. आणि काठी तुम्ही धरलीत. सुतळीनेही तुम्हीच बांधलीत. उजाडता उजाडता. मोठी होती? जांभळी पैठणी. छान. नाही, वरून नाही दिसत. पत्र्याखालचं वरून कसं दिसणार? पुढून जावं लागतं, रस्त्याने, पायी.

म्हणजे एकच घर.

नाही, काही नाही. घ्या तो. न्या. हा रिमोट, या बॅटऱ्या, हा जास्तीचा पंखा. बाकीचं मागाहून बोलू, किंवा नको बोलायला. न उडवताच न्या, तुमच्या छतावर उडवा, तिथे झोत येतो, मी अनुभवलाय. आधी वाऱ्याच्या विरुद्ध, एवढं लक्षात ठेवा. चहा राहू द्या.

—काय म्हणालीस? नाही, शालिनी. वारा नाहीये. पानसुद्धा हलत नाहीये. हे घेऊन चाललेत.

या, अभिरामजी. जिन्यात काठी उभी आहे, तिला तेवढा धक्का लावू नका.